चार घरांवरचं नागपूर

वैशाखात आभाळ भरून आलं की मला झोप येते. लोकांना धास्ती वाटते, शेतावरच्यांच्या पोटात गोळा येतो, बायका कुरडया उचलायला माळवदावर धावतात. मला मेली झोप येते. आज सकाळपासून तेच चाललंय. अंगणातल्या चिंचेचं पान हलत नाही, तळ्याकडून तो खारट कुबट वास यायला लागलाय, आणि पश्चिमेकडून काळंनिळं काहीतरी वर चढतंय. रेडिओवाला म्हणतो, विदर्भात तुरळक ठिकाणी वादळी पाऊस आणि गारा. तुरळक म्हणजे नेमकं कुठे, ते हा माणूस जन्मात सांगणार नाही.

दाराशी माझी बॅग भरून ठेवलेली आहे. उद्या पहाटेच्या एस.टी.ने निघायचं, संध्याकाळी लेकीकडे नाशिकला. महिनाभर. ती तिकडे रोज दिवस मोजते आहे. सून चार वेळा विचारून गेली, "आई, गोळ्या ठेवल्या ना? स्वेटर ठेवला ना?" ठेवला बाई, वैशाखात स्वेटर ठेवला. मुलगा ओट्यावर उभा राहून आभाळावर रागावतोय. "ऐन वेळेला कसा येतो हा!" अरे, ऐन वेळेलाच येतो तो. माझी त्याची ओळख मी अकरा वर्षांची होते तेव्हापासूनची आहे.

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेला होता. साहेब लोक नागपुरात, मोठी कचेरी नागपुरात, शाळामास्तर असलेल्या आमच्या वडिलांच्या बदलीचे हुकूम नागपुराहून सुटायचे. आणि आईची थोरली बहीण, आमची ताईमावशी, तीही नागपुरात. मावशीचे यजमान सरकारी कचेरीत कारकून होते. आईचे आईवडील केव्हाच गेलेले, भाऊ नाही. म्हणजे माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते मावशीच्या दोन खोल्यांत होतं. आणि लोणारहून नागपूर म्हणजे काय सांगू! बैलगाडीने मेहकर, मेहकरहून सर्व्हिस मोटारीने खामगाव, खामगावहून छोट्या गाडीने जलंब, आणि जलंबला मग ती मोठी आगगाडी. लग्न झाल्यापासून आई एकदाही गेली नव्हती.

त्या वर्षी फाल्गुनात मावशीचं पत्र आलं. "आमची जबलपूरला बदली झाली. ज्येष्ठ लागला की निघू. मग तू कुठे आणि मी कुठे. त्याआधी एकदा ये. पंधरा दिवस तुला चुलीपुढे बसू देणार नाही. तू नुसती झोप." आईने ते पत्र तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवलं. कपाटात ठेवलं असतं तर कपाटाकडे जायला तिला वेळ कुठे होता? डाळ मात्र रोज काढावी लागायची. रोज एक हात डाळीत आणि एक हात पत्रावर. महिन्याभरात त्या कागदाला डाळीचा पिवळेपणा चढला आणि घडीवर तो फाटला.

"तू नुसती झोप" हे वाचून मला तेव्हा हसू आलं होतं. आगगाडी, नागपूर, बाजार, एवढं सगळं सोडून झोपायचं काय? पण खरं सांगायचं तर मी आईला झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं. मी उठायच्या आत तिचं सडासारवण झालेलं असे, आणि मी डोळे मिटले तरी भांड्यांचा आवाज चालूच असे. घरात आम्ही तीन भावंडं, वडील, आणि वडिलांची थोरली बहीण अक्का. अक्काआत्या चौदाव्या वर्षी विधवा होऊन भावाकडे आलेली. वाईट नव्हती हो. पण सोवळं कडक, गुडघे धरलेले, आणि जीभ सैल. त्यातून उन्हाळा. तिखट कुटायचं, वर्षाच्या डाळी भरडायच्या, गहू निवडायचे, शेवया वळायच्या, कुरडयांचा चीक रगडायचा. उन्हाळ्याची सुट्टी शाळेला असते आणि मास्तरांना असते. मास्तरांच्या बायकोला ती कुठल्या सरकारने दिली आहे?

वडिलांनी मात्र मनावर घेतलं. आईला आणि मला नागपूरला पोचवायचं, दोन दिवस राहून परत यायचं, पुन्हा आणायला जायचं. धाकटे दोघे अक्कापाशी राहणार. मी गावभर सांगून आले की मी आगगाडीत बसणार आहे. मैत्रिणींना वाफेच्या शिट्टीचा आवाजसुद्धा काढून दाखवला. मी तरी तो कुठे ऐकला होता!

जोशीबुवांनी मुहूर्त काढला गुरुवार सकाळचा. आणि गाडीवान पुंजाजी म्हणाला, "गुरुवारी लग्नाचं वऱ्हाड हाय मास्तर. सुक्रवारी तांबडं फुटाच्या आत गाडी जुपतो." लग्नसराईत दुसरी गाडी मिळणं मुश्कील. मग आमच्याकडची जुनी तोड निघाली. प्रस्थान ठेवायचं. म्हणजे मुहूर्तावर निघणं जमत नसेल तर आपली एखादी वस्तू, हळकुंड-सुपारी बांधलेलं फडकं, उपरणं, असं काहीतरी मुहूर्त साधून जायच्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. की झाला प्रवास सुरू. पुढे गाडी जमेल तेव्हा निघा. मात्र त्याला मुदत असते. राजाला दहा दिवस, मांडलिकाला सात, आणि आपल्यासारख्याला पाच. तेवढ्यात गाव नाही सोडलं तर प्रस्थान मोडलं, पुन्हा नवा मुहूर्त पाहा.

वडिलांनी उपरणं दिलं आणि मोकळे झाले. आईनेही खणाची पुरचुंडी बांधली. पण अक्का आडवी आली. "मागच्या साली पुरचुंडीच ठेवली होती ना? मग पोराले गोवर निघून जाणं राह्यलं ना? औंदा पुरचुंडी नाही चालायची. तू सोता जाऊन राहा वत्सलेकडे. पोरीलेही ने. आणि एक ध्यानात ठेव, उंबरा ओलांडला की ओलांडला. मागं फिरलीस तर मोडलं." वडील हसले. "अक्का, एका रात्रीचा तर प्रश्न." अक्का म्हणाली, "एका रात्रीचा म्हणूनच."

तर असं आमचं प्रस्थान निघालं. पूर्वेला, चार घरं सोडून, वत्सलाकाकूंच्या ओटीवर. आई नवं लुगडं नेसली, देवाला नमस्कार केला, भावांच्या गालांवरून हात फिरवला. धाकटा रडायला लागला, त्याला वाटलं आई खरंच गेली. गल्लीतल्या बायका दारात येऊन "सांभाळून जा व माय" म्हणत होत्या आणि आम्ही चाळीस पावलं चाललो. वत्सलाकाकूंचे यजमान कीर्तनकार, उन्हाळाभर बाहेरगावी. मूलबाळ नाही. घरात त्या एकट्याच. त्यांनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, आमच्या पायांवर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "या, कसा झाला प्रवास?" आई खूप दिवसांनी मोठ्याने हसली.

दुपारी चारच्या सुमाराला वारा सुटला. आधी तळ्याच्या काठावरून धुळीची भिंत उठली, मग बाभळी आडव्या व्हायला लागल्या, मग टपोरे थेंब, आणि मग गारा. सुपारीएवढ्या, पुढे लिंबाएवढ्या. कौलं फुटायला लागली. आमच्या घराकडून अक्काचा आवाज येत होता; गारा थांबाव्यात म्हणून तिने लोखंडी चिमटा अंगणात फेकला होता आणि आता तो चिमटा सापडत नव्हता. पहाटे पुंजाजी आला तो पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन, गाडी न जुपता. "सुलतानपुराच्या अलीकडचा नाला फुगला, मास्तर. झाडं पडून राह्यली रस्त्यात. काळ्या मातीत चाक बुडते पार आसापर्यंत. आज काई खरं नाही."

शुक्रवारी पाऊस. शनिवारी पाऊस. वैशाखात श्रावण! मी काकूंच्या दारात बसून रडत होते. मैत्रिणी गल्लीतून ओरडायच्या, "काय व, आगगाडी आली का?" मेल्या.

आणि आई झोपली होती.

गुरुवारी रात्री झोपली ती शुक्रवारी दिवस कासराभर वर आला तरी उठली नाही. मला तर भीती वाटली. मी तिच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं. मग ती दचकून उठली, "अगं बाई, पाणी भरायचंय," म्हणत पदर खोचायला लागली. काकूंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "कुठं चाललीस? तू नागपूरला निघालेली बाई. परगावचा पाहुणा आहेस तू माझा. पाहुण्याला कामाला लावून मी पाप घेऊ काय? झोप माय." असला नियम कुठल्या पोथीत आहे कोणास ठाऊक. काकूंनी तो तिथल्या तिथे केला असावा. पण आईने मान डोलावली, काकूंनी दिलेल्या ज्वारीच्या कण्या ताकात कालवून खाल्ल्या आणि पुन्हा आडवी झाली. तोंड उघडं, एक हात उशाखाली, बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकलेल्या. तिचे पाय मी पहिल्यांदा नीट पाहिले. टाचांना भेगा होत्या, त्यात राख आणि शेण बसलेलं होतं. मला आगगाडीचं रडू थोडं कमी झालं.

तिकडे आमच्या घरात काय दाणादाण उडाली होती! अक्काला चूल सापडली, पण मीठ सापडेना. आईला घरी बोलावायचं तर प्रस्थान मोडतं, आणि असं प्रस्थान ठेवायला लावलं कोणी? अक्कानेच. बोलायची सोय नव्हती. मग वडील दर दोन तासांनी छत्री घेऊन काकूंच्या ओट्याशी यायचे. उंबऱ्याबाहेर उभे राहून खाकरायचे. "अहो, हिंग कुठे आहे म्हणते अक्का." आई डोळे न उघडता सांगायची, "मांडणीवर, मोहरीच्या मागे." वडील जायचे. पुन्हा यायचे. "धाकट्याला पोटात दुखतंय." "ओवा द्या. देव्हाऱ्याशेजारी." एकदा ते आले आणि काहीच विचारेनात. नुसते उभे. छत्रीतून पाणी गळत होतं. मग म्हणाले, "धारेच्या झऱ्यावरून पाणी आणलं आज मी. चार खेपा. फार लांब आहे हो धार." आईने तेवढ्यापुरते डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो. लांबच आहे."

रविवारी उघडलं. चौथा दिवस. असं ऊन पडलं की जणू काही झालंच नव्हतं. दुपारी काकू शेजारी गेल्या होत्या. आई भिंतीकडे तोंड करून झोपलेली. मी दारात चिंचोके खेळत होते, तर पुंजाजी आला.

"मास्तरीनबाई हायेत का व पोरी?"

"झोपलीये."

"उठव. नाल्याले उतार पडला. झाडंबी काढली. आत्ता गाडी जुपली तं दिवस बुडाच्या आत सुलतानपूर वलांडतो, राती मेहकर. सकायची मोटार सापडते. मी आंधी इकडंच आलो, मंग मास्तराकडं जातो."

मी उठले, आत गेले. आगगाडी! आईच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात मी थांबले. चार दिवसांत तिचा चेहरा बदलला होता. कपाळावरची ती कायमची आठी गेली होती. ती आठी हे तिचं नाकासारखंच एक अंग आहे असं मी समजत होते. मग मला दिसायला लागलं की उठवलं तर काय होईल. ती धडपडून उठेल, गाठोडी बांधेल, वाटेची शिदोरी करायला घेईल, गाडीत मला मांडीवर घेईल, मेहकरला पुन्हा चूल मांडेल. आणि मावशीकडे गेल्यावर मावशी नको म्हणत असताना तिच्याबरोबर पोळ्या लाटेल. मी अकरा वर्षांची होते, पण एवढं मला कळत होतं.

मी बाहेर आले. "उठवू नका तिला."

पुंजाजीने दारातून डोकावून पाहिलं. चांगला वेळ पाहिलं. डोक्याचा पटका काढून पुन्हा बांधला. "माह्या घरचीलेबी असं झोपलेलं कधी नाही पाह्यलं मी," तो म्हणाला. "पर उद्याच्यानं मुदत सरते ना व तुमची? मंग जाणं व्हत नाही."

"हो."

"तुले तं आगगाडी पाहाची होती ना?"

"हो."

"मंग?"

"मंग काही नाही," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

तो जायला वळला. "बरं. बैल लंगडते म्हून सांगतो मास्तराले." संध्याकाळी त्याने खरोखरच बैलाच्या खुराला चिंधी बांधून त्याला आमच्या गल्लीतून फिरवून नेलं. बैल बिचारा ठणठणीत चालत होता. चालता चालता त्याने चिंधी खाऊनही टाकली. पण वडील मास्तर. त्यांना भूगोल येत होता, बैल कळत नव्हता. दुसरी गाडी शोधायला ते गावभर हिंडले. मिळाली नाही. सोमवारी मुदत सरली. मंगळवारी सकाळी आई पुरचुंडी घेऊन चाळीस पावलं परत आली. अक्का दारातच बसली होती, पीठ माखलेली, गुडघ्यांना तेल चोळत. "आलीस?" म्हणाली. मोरीत पाच दिवसांची भांडी होती. आईने पदर खोचला.

पुढला मुहूर्त बारा-तेरा दिवसांनी होता. तोवर मावशीचं सामान जबलपूरच्या गाडीत चढलं होतं. तिचं पत्र आलं, "रोज स्टेशनावर माणूस पाठवत होते. पावसाने घात केला, तुझा त्यात काय दोष." ते पत्रही डाळीच्या डब्यात गेलं. तिसऱ्या वर्षी मावशी बाळंतपणात गेली. तार आली तेव्हा आई वाल सोलत होती. तिने सोलायचं थांबवलं नाही. मी न्हाणीघरात जाऊन तोंडात पदराचा बोळा घालून रडले. आईची बहीण मी नेली असं मला वाटत होतं. कोणाला सांगणार? पुंजाजी रस्त्यात भेटला की आम्ही दोघंही दुसरीकडे बघायचो.

तो दगड मी तीस वर्षं उरावर बाळगला. माझं लग्न गावातच झालं, मुलं झाली, माझ्याही टाचांना भेगा पडल्या. मग आई शेवटच्या दुखण्यात माझ्याकडे आली. असाच वैशाख, अशीच दुपार. मी तिचे पाय चेपत बसले होते आणि न राहवून सगळं सांगून टाकलं. पुंजाजी, उतरलेला नाला, चिंधी बांधलेला बैल. "आई, तुझी नि मावशीची भेट मी चुकवली गं."

ती आढ्याकडे बघत होती. मला वाटलं, ऐकूच आलं नाही. मग म्हणाली, "मी जागीच होते गं."

माझे हात थांबले.

"सगळं ऐकलं मी. तुझं, पुंजाजीचं. ताई स्टेशनावर वाट बघत असेल, तेही दिसत होतं डोळ्यांपुढे. उठायला हातसुद्धा टेकला होता जमिनीला. पण अंग उठेना बाई. म्हटलं, आता ही येईल, एक हाक मारेल, की उठू. तू आलीस, उभी राहिलीस... आणि गेलीस बाहेर." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "गुणाची पोर माझी. हाक मारली नाहीस."

ती शाबासकी होती की तक्रार, हे मी तिला विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही, आणि पुढे वेळही उरला नाही. पण तेव्हापासून मला एवढं कळतं की माणूस इतकं दमू शकतं. ज्याच्यासाठी जीव तुटतो त्याच्यापर्यंत जायलासुद्धा अंगात उठाव राहत नाही. आणि तेवढ्यात पाऊस आला तर माणूस पावसाला शिव्या देतं, आणि आतल्या आत त्याचे पाय धरतं.

हे इथवर लिहून दुपारी मी जरा आडवी झाले. अडीचच्या सुमाराला पहिली गार पत्र्यावर वाजली. मग दुसरी. मग वाजायच्या थांबल्या. वारा उलटला असावा, आभाळ थोडं फाकलं, खिडकीतून उन्हाची एक पट्टी माझ्या पायांवर आली. बाहेर मुलगा सुनेला सांगत होता, "स्टँडवर विचारून आलो. सकाळची गाडी सुटणार म्हणतात. जायला हरकत नाही." पुढे त्याची पावलं माझ्या दाराशी आली.

"आई," तो हळूच म्हणाला, "जागी आहेस का? गाडी आहे उद्या. जागा आत्ताच सांगून ठेवावी लागेल. जायचं ना?"

मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. माझी लेक नाशिकला माझ्यासाठी खाट टाकून बसली आहे, हे मला दिसत होतं. तिने गादीला नवी खोळ शिवली आहे, तसं तिने कळवलंही होतं. मी हात टेकला. म्हटलं, हा आणखी एकदा हाक मारू दे, जरा जोरात, की उठते.

तो थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने खिडकीचं दार लोटून माझ्या पायांवरचं ऊन झाकलं आणि बाहेर जाऊन बायकोला म्हणाला, "झोपलीये गं. राहू दे."

गुणाचा पोरगा आहे माझा.